ऑरेंजचा स्लायडर कुणाला विचारून ओढता?

ट्रॅडिशनल डे झाला की रात्री कॉलेजच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. नीट बघा. नऊवारी तशीच, फेटे तसेच, पण चेहरे मात्र सगळ्यांचेच दोन शेड उजळ. ‘काही नाही रे, जरा एडिट केलंय!’

हे ‘जरा’ म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. लाइटरूमच्या कलर मिक्सरमध्ये आठ रंग असतात. आपली त्वचा गोरी असो, गव्हाळ असो की काळीसावळी, ती बहुतेक वेळा त्यातल्या नारिंगीच्या पट्ट्यात पडते. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा, म्हणजे ल्युमिनन्सचा. म्हणून ऑरेंजचा ल्युमिनन्स उजवीकडे ओढला की फोटोतले सगळे एकदम ‘फेअर’. पाच सेकंदांचं काम.

गंमत म्हणजे, रंगावरून निवड करणाऱ्या साध्या टूलला चेहरा म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याच्यासाठी प्रत्येक पिक्सेल म्हणजे तीन आकडे. फोटोशॉपच्या मॅजिक वाँडचा टॉलरन्स मुळात ३२ वर असतो, म्हणजे तुम्ही क्लिक केलेल्या रंगाच्या जवळपासचे आकडे तो उचलतो, एवढंच. २०१२ च्या सीएस६ मध्ये कलर रेंजला खास ‘स्किन टोन्स’ हा पर्याय आला, तरी लाकडी बाक आणि विटांची भिंत अधूनमधून त्यात सापडतेच. म्हणून तर चेहरे उजळलेल्या फोटोत कोल्हापुरी चपलाही पांढुरक्या पडलेल्या असतात. चोरी पकडायची असेल तर आधी चपला बघा!

एडिट करूच नका, असं मी म्हणत नाहीये. लाल मांडवाखाली सगळे लालभडक दिसत असतील तर तो लाल काढायलाच हवा. पुढे पांढऱ्या झब्ब्यांची रांग असली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि सावळ्या चेहऱ्यांचे डोळेसुद्धा दिसत नाहीत. तिथे सावल्या उचलणं हा उलट न्याय आहे. फोटोच्या तंत्राने सावळ्या माणसांवर तसाही अन्याय केलाय. कोडॅकच्या प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये अनेक दशकं गोऱ्या बाईचा फोटो असलेलं ‘शर्ली कार्ड’ वापरायचे. पण उजेडाची चूक दुरुस्त करणं वेगळं आणि माणूसच दुरुस्त करायला निघणं वेगळं.

कारण त्या स्लायडरमागे काय आहे, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. लग्नाच्या बायोडेटातलं ‘निमगोरी’. ‘रंग सोडला तर छान आहे हो’ म्हणणाऱ्या मावश्या. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढला तेव्हा स्टोऱ्या टाकून टाळ्या वाजवणारे आपणच होतो. आषाढीला विठोबाचं स्टेटस ठेवताना तो सावळा आहे हे कुणालाच खटकत नाही. मग वर्गातली सावळी मैत्रीणच का खटकते? तिने सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारलं नव्हतं. ग्रुपवर स्वतःचा चेहरा बघून तिला जे समजायचं ते समजतं, आणि वर ‘अगं, किती मस्त दिसतेयस!’ ही कमेंटही वाचावी लागते. त्यावर तिने हसायचं की भांडायचं?

गॅदरिंग आणि वार्षिकांकाचे फोटो करणाऱ्या मंडळींना तर पळवाटच नाही. पार्श्वभूमीचा रंग बदलायचाय? अख्ख्या फोटोचा ऑरेंज ओढू नका. मास्किंगमध्ये कलर रेंज घ्या, ड्रॉपरने भिंतीचा रंग उचला, रिफाइन कमी करा आणि त्यातून माणसं वजा करा. दोन मिनिटं जास्त लागतील. आणि चेहऱ्याला हात लावलाच असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी तो फोटो ज्याचा त्याला पाठवा, मूळ फोटोसोबत. ‘मूळचाच टाक’ असं उत्तर आलं तर स्लायडरवर दोनदा टॅप करा. तो शून्यावर येतो.