'सर्व वेली छाटण्यात येतील'

मे महिना उजाडला की आमच्या सोसायटीच्या फलकावर दरवर्षीची सूचना झळकते : 'पावसाळ्यापूर्वी सर्व झाडे व वेली छाटण्यात येतील.' माझं भांडण त्यातल्या 'सर्व' या शब्दाशी आहे.

वाळक्या फांद्या, वाऱ्यात कोसळेल असा लोंबता भार पावसाआधी काढायलाच हवा. त्यात वाद नाही. पण हिरव्या वेलीवर सरसकट कोयता कशाला? मधुमालती उन्हाळ्यापासून पावसाळाभर फुलते. जाई-जुईचा बहर पावसातला. तिघींनाही फूल येतं ते नव्या फुटीवर. मे महिन्यात ती फूट कापली म्हणजे कळ्याच कापल्या! आणि जुलैत तीच कमिटी विचारणार, "मास्तर, यंदा जुई फुलली नाही का हो?"

यांची छाटणी बहर सरल्यावर, थंडीत करायची. फुलशेती करणारे जुई जानेवारीअखेर जमिनीपासून ४५-५० सेंटिमीटरवर छाटतात, ते उगाच नाही.

संक्रांत वेलीचं गणित वेगळं. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना जानेवारी-फेब्रुवारीत नारिंगी घोस लागतात. दिवाळीच्या साफसफाईत ती टोकं छाटली की संक्रांत कोरडी. तिला हात लावायचा तो फुलं गळून गेल्यावरच.

कापायचं कसं, हेही सांगतो. कोयता नको, धारदार कात्री हवी. आधी वाळलेलं, रोगट आणि एकमेकांत गुंतलेलं काढावं. मग डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा. वेल जुनी, लाकूड झालेली असेल तर एका वर्षी तिसरा हिस्साच कमी करावा. आणि आत बुलबुलाचं घरटं नाही ना, एवढं वाकून बघावं. मे महिन्यात ते हमखास असतं.

"माणूस एकदाच बोलावला की स्वस्त पडतं," असं उत्तर मिळतं. मग दोनदा बोलवा की! फेब्रुवारीत छाटणीला, मेमध्ये फक्त वाळकं काढायला. सोसायटीच्या पार्किंगचे पट्टे दरवर्षी नव्याने रंगवायला पैसे असतात, तर वेलींच्या दुसऱ्या फेरीला का नसावेत?

शाळेत सगळ्या पोरांची परीक्षा एकाच दिवशी घेता येते. वेलींची नाही. पुढच्या सभेत मी 'सर्व' हा शब्द खोडायचा ठराव मांडणार आहे. तुमच्या सोसायटीतही मांडून बघा.