चौदा मते आणि एक गळा

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात एक जुना तंटा नव्याने उभा राहिला. आमची धाकटी, इयत्ता सातवी, मोबाईलवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे जुने भाग पाहत बसली होती. तेच झी मराठीवरचे २००८-०९ सालचे पर्व. तेव्हा हिचा जन्मही झालेला नव्हता. पाहता पाहता तिने विचारले, “पप्पा, तुम्ही कुणाला मत दिलं होतं?”

“कार्तिकीला,” आम्ही ऐटीत सांगितले.

“किती?”

इथे मात्र आमची जीभ अडखळली. दर निवडणुकीला वस्तीत ‘एक माणूस, एक मत’ यावर अर्धा तास बोलणारे आम्ही; त्या महाअंतिम सोहळ्याआधी आम्ही एकट्याने चौदा एस.एम.एस. पाठवले होते. आमचा बॅलन्स संपला तेव्हा वडिलांचा फोन घेतला. सौ.ला हा आकडा आजवर ठाऊक नव्हता. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “म्हणजे माझं प्रथमेशला दिलेलं एकच मत असं वाया गेलं तर!”

ज्यांनी ते पर्व पाहिले त्यांना सांगायला नको. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक, आणि मागे कमलेश भडकमकरांचा तो वाद्यवृंद. अमर ओकांची बासरी आणि निलेश परबची ढोलकी ऐकायला म्हणून आमचे वडील टीव्हीसमोर बसत. परीक्षक गुण म्हणून ‘ध’, ‘नि’ असे स्वर देत. ‘वरचा सा’ मिळाला की आमच्या चाळीत चार घरांतून टाळ्या ऐकू येत.

पाच जण शेवटपर्यंत आले आणि घरात पाच पक्ष झाले. अलिबागची मुग्धा वैशंपायन सगळ्यांत लहान, तिला ‘छोटा मॉनिटर’ म्हणत. आमची आई तिच्या बाजूची. एवढीशी पोर, पण शब्द कसा स्वच्छ! आईला गाण्यातले बाकी काही कळत नसले तरी शब्द कळला पाहिजे हा तिचा हट्ट, आणि तो चुकीचा नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे सौ.चा. शांत उभा राही, उगाच हातवारे नाहीत, आणि अभंग असो की नाट्यगीत, सुरावरून पाय घसरू देत नसे. (हे दोघे पुढे २०२३ च्या डिसेंबरात एकमेकांशी लग्न करून मोकळे झाले. त्या दिवशी आमच्या सासू-सुनेचे दोन्ही पक्ष आपोआप एक झाले.)

पुण्याच्या आर्या आंबेकरबद्दल खरे बोलायचे तर गाणे तिचेच सर्वांत नेटके होते. हरकत जिथे हवी तिथे, जेवढी हवी तेवढी. आमच्या कचेरीत चहाच्या वेळी सगळे तिच्याच बाजूचे असत, आणि आम्ही मुद्दाम म्हणायचो, “तिची आईच शास्त्रीय गायिका. मग त्यात नवल काय?” हे म्हणणे आज आम्हाला टोचते. का, ते पुढे येईलच.

लातूरचा रोहित राऊत आम्हाला नावडता. चित्रपटगीत उडवून म्हणतो, नाचतो, गाण्यात ठहराव नाही, असे आमचे मत. ते आम्ही मोठ्याने मांडतही असू. हाच रोहित अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात दुसरा आला. पहिला आला भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी, बूटपॉलिश करून पोट भरणारा मुलगा. सनीसाठी आमच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्या रात्री रोहितचीही आम्ही मनोमन माफी मागितली. ठहराव नव्हता, कारण पोरगा तेरा-चौदा वर्षांचा होता. तेराव्या वर्षी कुणाजवळ असतो?

आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. तिचा आवाज खडा, वरच्या पट्टीतला. गवळण घेतली की माईक नसता तरी शेवटच्या माणसापर्यंत गेली असती. आम्ही वाढलो भीमजयंतीच्या रात्रीच्या गायन पार्ट्या ऐकत. तिथे रस्त्याच्या टोकाला उभ्या माणसाला शब्द पोचला तरच तो गायक. म्हणून हा गळा आम्हाला आपला वाटला. ८ फेब्रुवारी २००९ ला तीच जिंकली. दुसऱ्या दिवशी कचेरीत “एस.एम.एस.ने गाणे मोजतात का?” म्हणून ओरड झाली. आम्ही ठणकावले, “हा उपजत गळा आहे, शिकवून येत नाही!”

वडील त्या दिवशी संध्याकाळी एवढेच म्हणाले होते, “उपजत कसला? पोरीला रोज सुराला बसवलंय कुणीतरी.” ते स्वतः पार्टीत पेटी वाजवीत. आम्ही हसण्यावारी नेले. खरे म्हणजे कार्तिकीचे वडील संगीत शिकवणारे, हे टीव्हीवर आम्हीच पाहिले होते. आर्याच्या आईचे शिकवणे आम्ही तिच्याविरुद्ध मोजले आणि कार्तिकीच्या वडिलांचे मोजलेच नाही. आवडत्या स्पर्धकाच्या बाबतीत कान असे आंधळे होतात.

हे सगळे आठवायचे कारण धाकटीचा पुढचा प्रश्न. “मग मला क्लास का लावत नाही?” ती शाळेत गाते, बरी गाते. गेली दोन वर्षे आम्ही तिला सांगत आलो, “गळा असला तर क्लास कशाला, आणि नसला तर क्लास काय करणार?” क्लासची फी महिना आठशे, पगार कारकुनाचा, थोरल्याची बारावी. आमच्या उपजतपणाच्या सिद्धांतामागे हे आठशे रुपये बसलेले होते, हे सौ.ला केव्हाच कळले होते.

माळ्यावरून वडिलांची पेटी काढली. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. भाता दोन ठिकाणी फाटलेला, मधल्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दुरुस्तीवाल्याने बाविसशे सांगितले, घासाघीस करून अठराशेवर आणले. रविवारी मिळणार आहे. धाकटी मात्र आर्याच्याच पक्षात आहे, आणि आमची चौदा मते तिने बाद ठरवली आहेत.