सर्जनचा हात कुठे घडतो?

आमच्या वडूजमध्ये बारावीच्या मुलांना मी विचारतो, प्लास्टिक सर्जन कोण होतं? उत्तर ठरलेलं : डॉक्टरांची मुलं. मला हे मान्य नाही.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याकडची एक शस्त्रक्रिया छापली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला नवं नाक मिळालं होतं. ते करणारा माणूस विटा घडवणाऱ्या जातीतला. त्याने मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर सपाट करून आखणी केली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांच्या मधला पट्टा मात्र जोडलेलाच ठेवला, कारण रक्त तिथूनच येणार होतं. तो कापला सुमारे पंचविसाव्या दिवशी. याच रीतीने जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ऑपरेशन केलं.

अचूक माप, सफाई, थांबण्याचा धीर. शिलाई मशीनवर बसणाऱ्या, धार लावणाऱ्या आपल्या घरांत हे गुण रोज दिसतात. पण तेवढ्यावर भागत नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमएस आणि पुढे तीन वर्षं एमसीएच करावं लागतं. भाजलेल्या बाईला, फाटलेल्या ओठाच्या बाळाला असा डॉक्टर हवा असतो.

म्हणून मित्रांनो, घरच्या कामाची लाज बाळगू नका आणि जीवशास्त्रही सोडू नका. पालकांनो, मुलीच्या हाती सुई दिलीत. आता 'नीट'ची पुस्तकंही द्या.