'प्रेमातले हृदय' खरेच कोणी काढले? एका चिनी अक्षराचा इतिहास

१/९
'प्रेम' या अर्थाचे एक चिनी अक्षर आहे. उच्चार 'आय', स्वर वरून खाली झपाट्याने उतरणारा. या अक्षरावरून समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा वाद पेटतो. आक्षेप असा की, कम्युनिस्ट राजवटीने लिपी सोपी करताना त्यातले 'हृदय' काढून टाकले आणि चीनमधले प्रेम हृदयशून्य झाले. आक्षेप मनाला भिडतो. इतिहास म्हणून मात्र तो टिकत नाही.

२/९
प्रथम अक्षराची घडण पाहू. पारंपरिक रूप १३ रेघांचे आहे : वर पंजा, त्याखाली झाकण, मध्ये हृदय आणि तळाशी सावकाश चालणारे पाऊल. तैवान, हाँगकाँग आणि जपान येथे आजही हेच लिहितात. मुख्य भूमीवरील चीनमध्ये १० रेघांचे रूप चालते. पंजा व झाकण तेच. खाली मात्र 'मित्र' या अर्थाचे अक्षर. रेघांचा क्रम ठरलेला असतो आणि मुले तो चौकटींच्या वहीत गिरवून हातात बसवतात.

३/९
१९५६ साली चीन सरकारने लिपी सुलभीकरणाची योजना जाहीर केली. तीत ५१५ सोपी अक्षरे व ५४ सोपे घटक होते. हेतू साक्षरतेचा होता. परंतु यांतील अनेक रूपे जुन्या हस्तलेखनातून उचललेली होती. हान काळापासून चालत आलेल्या 'त्साओशू' या धावत्या शैलीत मधले हृदय लेखणीच्या एका ओघात विरून जात असे. मोडी वाचणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही. धावता हात अक्षराचे अवयव गिळतोच.

४/९
आता मूळ प्रश्न : ते हृदय तेथे आले कसे? इ.स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने 'शुओवेन जिएजी' हा ९,३५३ अक्षरांचा कोश रचला. त्यात या अक्षराचा अर्थ प्रेम नसून 'चालण्याची ढब' असा दिला आहे. अर्थ देणारा भाग तळाचे पाऊल. वरचा सारा भाग केवळ उच्चार सुचवणारा.

५/९
प्रेमासाठी शू शनने वेगळेच अक्षर नोंदवले आहे आणि त्यात हृदय अर्थासाठीच आहे. तेच अक्षर 'चालण्याच्या' अक्षरात ध्वनी दाखवण्यापुरते बसवले गेले. पुढे मूळ अक्षर वापरातून गेले आणि चालीच्या अक्षराने प्रेमाचा अर्थ उचलला. म्हणजे हृदयाचे प्रेमाशी नाते जुने आहे. पण या अक्षरात ते ध्वनीच्या दाराने आले.

६/९
उलट बाजूची कथाही तितकीच मागाहून सुचलेली आहे. 'नव्या रूपात प्रेम मैत्रीवर उभे आहे' असे सुलभीकरणाचे समर्थक कौतुकाने सांगतात. तळाचा 'मित्र' हा हृदय व पाऊल आटून उरलेला आकार आहे. त्यात तत्त्वज्ञान शोधणे व्यर्थ होय.

७/९
अक्षराचा खरा अर्थ वापरात दिसतो. 'मेन्शियस' ग्रंथात ची राज्याचा राजा श्वान बळीसाठी नेल्या जाणाऱ्या बैलाचे थरथरणे पाहून कळवळतो व त्याच्या जागी मेंढी आणवतो. प्रजेला वाटते, राजा 'आय' आहे. येथे त्याचा अर्थ प्रेमळ नव्हे, कंजूष! आजच्या बोलीतही 'आय' पुढे 'रडणे' जोडले की अर्थ होतो 'ऊठसूट रडणारा'. मराठीत 'राग' म्हणजे संताप आणि 'अनुराग' म्हणजे प्रेम. केवळ आकार न्याहाळून हा भेद कोणाला उमगेल?

८/९
सुलभीकरणात काहीच गमावले नाही, असे मात्र नव्हे. केवळ नवी रूपे शिकलेल्या वाचकाला जुने ग्रंथ व शिलालेख वाचण्यासाठी पुन्हा कष्ट घ्यावे लागतात. हे नुकसान खरे आहे आणि त्यावर वाद व्हायलाच हवा. पण ते वाचनाचे नुकसान आहे, भावनेचे नाही. तैवानने १३ रेघा राखून साक्षरता साधली, चीनने १० रेघांनी. तेव्हा रेघांच्या संख्येपेक्षा शाळेचे महत्त्व मोठे मानावे लागते.

९/९
चिनी अक्षर शिकणाऱ्याने आधी ते हाताने लिहावे, मग वाक्यात वापरावे, मग त्याची जुनी रूपे व कोश पाहावेत. सुंदर व्युत्पत्तिकथेची पाळी सर्वांत शेवटी. स्मरणासाठी ती उपयोगी आहे. पुरावा म्हणून ती पुढे केली, की एका अक्षराच्या आधारे कोट्यवधी माणसांना हृदयशून्य ठरवणे सोपे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हायचे ते येथेच.