कपातला केक आणि वाटीतले सांदण

मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत एका माणसापुरता केक होतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. चहाच्या मोठ्या कपात चार चमचे मैदा, दोन चमचे साखर, चमचाभर कोको, चिमूटभर बेकिंग पावडर, थोडे दूध नि थोडे तेल घालून ढवळावे, कप यंत्रात ठेवावा आणि बटण दाबावे. बेळगाव, धारवाड, पणजी किंवा पुणे येथे खोली घेऊन राहणारी आमच्या जोयडा तालुक्यातील मुले-मुली हा उद्योग करतात आणि सुटीत घरी आली की मोठ्या कौतुकाने सांगतात. गणेशगुडीच्या आसपास पाहुण्यांसाठी जी घरे-बंगले उभे राहिले आहेत, तेथेही काही ठिकाणी जेवणानंतर हाच केक पुढे येतो. पाहुणा आलेला बंगळूरहून. त्याच्या घरीही तोच केक! मग बिचाऱ्याने एवढ्या लांब यावे कशाला?

माझा विरोध यंत्राला नाही. माझे म्हणणे एवढेच, की या यंत्राला जे उत्तम जमते ते आपण त्याच्याकडून करून घेत नाही, आणि जे त्याला जमणारच नाही त्याचा हट्ट धरतो.

थोडे विज्ञानाकडे वळू. या यंत्राचे हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी १९४० मध्ये त्याला जे रूप दिले, ते महायुद्धात रडारसाठी उपयोगी पडले. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर १९४५ मध्ये अशाच मॅग्नेट्रॉनपाशी काम करीत असता त्यांच्या खिशातील गोड वडी वितळली, आणि त्यातून स्वयंपाकाची कल्पना निघाली, असे सांगतात. १९४७ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र पुरुषभर उंच आणि तीनशे किलोंहून जड होते. आजच्या घरगुती यंत्रातील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करतात. त्या पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, तेथील पाण्याच्या कणांना घुसळतात, आणि त्या घुसळणीची उष्णता होते.

आता यातले मर्म पाहा. उष्णता पाण्यातून येते, म्हणून पदार्थात ओल आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. उलट पावाची तांबूस साल, नानकटाईचा खमंगपणा, पेस्ट्रीचे कुरकुरीत पदर यांना १४० अंशांच्या पुढची कोरडी धग लागते. ती येथे आणायची कोठून? म्हणून कपातला केक वर फिकट आणि आत ओलसर राहतो. गरम आहे तोवर जिभेला फसवतो, आणि दहा मिनिटांनी पाहावे तर खोडरबर! खरे पाहता तो भाजलेला नसतोच, वाफवलेला असतो. यंत्राचे नाव भट्टीचे असले तरी त्याची जात मोदकपात्राची आहे.

आणि वाफवलेल्या गोडाच्या बाबतीत आपण कोणाकडे उसने मागायला जावे, असे आहे काय? हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ सारवून, गूळ-खोबऱ्याचे चून भरून केलेली पातोळी घ्या. नागपंचमीला ती आमच्या घरी होते, १५ ऑगस्टला सायबिणीच्या सणाला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे होते. फणसाचा कडबू आमच्या कन्नड मित्रांच्या घरी पानात बांधून उकडतात. सांदण तर जन्मतःच वाटीत होते, म्हणजे एका माणसाच्या मापाचे! (धोंडसाच्या वाटेला मात्र या यंत्रात जाऊ नये. त्याला खाली-वर निखारेच हवेत.)

कृती अगदी सोपी आहे. चार चमचे तांदळाचा रवा किंचित भाजून घ्यावा. बरक्या, म्हणजे आपल्याकडच्या रसाळ, फणसाचा सहा-सात चमचे रस, चमचा-दीड चमचा किसलेला गूळ, चमचाभर ओले खोबरे आणि मिठाची कणी घालून तो अर्धा तास भिजत ठेवावा. काचेची किंवा चिनी मातीची वाटी अर्धीच भरावी; स्टीलची नको. तळाशी हळदीच्या पानाचा तुकडा घालावा, वर सैल झाकण ठेवावे. दोन-अडीच मिनिटे यंत्र चालवून पुढे दोन मिनिटे तसेच मुरू द्यावे. रवा कोरडा वाटला तर चमचाभर नारळाचे दूध घालावे. फणस नसेल त्या दिवसांत रताळे आहेच. त्याला काट्याने चार-पाच ठिकाणी टोचून पाच मिनिटे ठेवावे; वर गूळ नि खोबरे. आमच्या कुणब्यांनी जोपासलेल्या कंदांच्या या तालुक्यात कोको पावडरीसाठी दांडेलीची बस धरावी, हे मला तरी पटत नाही.

एक गोष्ट मात्र या यंत्राविषयी मनाला लागते. मोदकपात्रात एक मोदक ठेवा की एकवीस, वेळ जवळपास तेवढाच लागतो. येथे एका वाटीला दोन मिनिटे, तर दोन वाट्यांना जवळजवळ चार, कारण शक्ती तीच आणि ती वाटून जाते. चार माणसे बसली, तर पहिल्याचे खाऊन होते तेव्हा चौथ्याची वाटी आत असते. परगावी सणाला एकट्याने राहणाऱ्या मुलीला वाटीभर सांदणाने घर आठवले, तर त्यात वाईट काय? पण चवथीला घरी आल्यावरही कोणी कप घेऊन कोपऱ्यात बसू लागले, तर मी त्याला हात धरून पानावर बसवीन.

वडीलधारी मंडळी विजेचा हिशेब विचारतात. त्यांना तसा अधिकारही आहे. १९८७ साली पुऱ्या झालेल्या सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, आणि किती कुटुंबांना रामनगरला नव्याने चूल मांडावी लागली. तर हिशेब असा: १२०० वॉटचे यंत्र दोन मिनिटे चालले की एका युनिटाचा पंचविसावा भाग जळतो. एका युनिटात पंचवीस वाट्या. लाकूड तोडून आणण्यापेक्षा हे महाग म्हणता येणार नाही.

फणस पिकतो तो मे महिन्यात, आणि सुटीचे पाहुणे येतात तेही मे महिन्यातच. पाहुण्यांच्या घरांत काम करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या मोसमात मालकाला एकदा सांदणाची वाटी चाखवून पाहावी. वळवाच्या पावसात झाड पडून वीज गेलीच, तरी बिघडत नाही. तीच वाटी चुलीवरच्या मोदकपात्रात ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांत सांदण तयार होते, आणि शेजारी आणखी दहा वाट्यांना जागा असते.