टाक्यांआधीची टेप

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आधी ऑपरेशन होऊन जाऊ दे, हाताचे व्यायाम मग बघू.’ ते काळजीपोटी येतं, म्हणून खोडणं जड जातं. तरी खोडलंच पाहिजे.

पहिला आक्षेप वेळेचा. व्यायामासाठी ऑपरेशन लांबवा, असं कुणी म्हणत नाही. तपासण्यांत दिवस जातातच. त्यातला अर्धा तास पुरे. तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट साध्या टेपने दोन्ही हातांचा घेर मोजतो. कामाचा हात बहुधा मुळातच थोडा जाड असतो. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, हात सुजू शकतो. आधीचं माप नसेल तर ही सूज की मूळचीच जाडी, ठरवायचं कशावरून? खांदा किती उचलतो, तेही तेव्हाच टिपायचं. रेडिएशन, म्हणजे पेशंटांच्या भाषेत ‘लाईट’, घेताना बहुधा हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावं लागतं. आखडलेला खांदा तिथेच आडवा येतो.

दुसरा आक्षेप : ‘आधीच धास्तावलीय, आणखी कशाला सांगता?’ ऑपरेशननंतर काही जणींच्या काखेपासून कोपराकडे त्वचेखाली ताठ दोरीसारखं काही लागतं. जिला कुणी सांगितलेलं नसतं, तिला रोग उलटला असं वाटून रात्रभर झोप लागत नाही. जिला ठाऊक असतं, ती सकाळी फिजिओथेरपिस्टला फोन करते. मग धास्ती कशाने वाढली?

तिसरा आक्षेप जुना : ‘त्या हाताने जन्मभर जड उचलू नकोस.’ 1996 मध्ये व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या आजारातून गेलेल्या 24 जणींना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत 392 जणी होत्या. शिकवून, हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने वर्षभरानंतर हात अधिक चांगला चालत होता. ते व्यायाम ऑपरेशननंतर सुरू झाले, हे खरं. पण बाजूला ड्रेनची बाटली, टाके ओढताहेत, अशा वेळी भिंतीवर बोटं चढवायला नव्याने शिकण्यापेक्षा आधी शिकलेलं आठवणं सोपं. कधी सुरू करायचं, कुठे थांबायचं, तेही आधीच कळलेलं बरं.

म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की आणखी एक प्रश्न विचारा : ‘हाताचं माप कोण घेणार, आणि कधी?’