खेळण्यातला शॉकअप आणि आपले शिक्षण

‘बी.ए.ला गेलास आणि खेळण्यातली गाडी घेऊन बसलास?’ असे आमच्या ब्राह्मणपुरीत मला पुष्कळांनी विचारले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा प्रश्न अगदीच गैर नाही. तरीही त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

शहाद्याला गॅरेजात काम करणाऱ्या माझ्या मामेभावाकडे रिमोटवर पळणारी एक जुनी शर्यतीची गाडी आली. आकाराने खऱ्या गाडीच्या एक दशांश. पण चारही चाकांना तेलाचे शॉकअप! शेताच्या वाटेवर ती सारखी उलटे. ‘कडक म्हणजे मजबूत’ या समजुतीने मी शॉकअपमध्ये जाड तेल भरले. गाडी अधिकच उडू लागली.

मामेभावाने कारण सांगितले. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. पण दाबलेली स्प्रिंग उसळणारच. ती उसळी तेल शांत करते. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल रेटले जाते आणि धक्क्याचा जोर उष्णता होऊन जिरतो. तेल पातळ असेल, तर गाडी डुलत राहते. फार जाड असेल, तर चाक खड्ड्यात उतरण्याआधीच खड्डा मागे पडतो आणि चाकाची जमिनीवरची पकड सुटते. वरची चकती फिरवली की स्प्रिंग कडक होते, हाही माझा भ्रमच ठरला; तिने फक्त गाडीची उंची बदलते. शिवाय उन्हात तेल पातळ होते. जानेवारीत जमलेले माप मे महिन्यात चुकते.

हे सारे त्याच्या बोटांना ठाऊक होते; पण कागदावर कधी उतरले नव्हते. मी एवढेच केले, की एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत टिपायचा असे ठरवले. दहा पाने भरली आणि गाडी वाटेवर नीट पळू लागली.

अमेरिकेत १९८४ साली ‘आरसी टेन’ ही तेलाच्या शॉकअपची शर्यतीची गाडी निघाली. तेव्हापासून या विषयावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले. मला मराठीत मात्र काही सापडले नाही. दोष कुणाचा? मिस्त्रीला कळते, पण तो लिहीत नाही. आपण लिहितो, पण मिस्त्रीकडे जात नाही. मग कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काम दुसरे कोणते?

माझ्या वडिलांना वाचता येत नाही. बैलगाडीचे धक्के त्यांनी जन्मभर खाल्ले. वहीतले एक पान मी त्यांना वाचून दाखवले. अंगठ्याने गाडी दाबून पाहत ते म्हणाले, ‘हे कळलं. पुढचं वाच.’

आपल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी निबंधाला एकच विषय द्यावा : आपल्या गावातल्या एका कारागिराचे काम, त्याच्याच शब्दांत.